सहावा मुलगा

घरातल्या एखाद्या हट्टी माणसाला आपण तासभर समजावतो. फायदे-तोटे मांडतो, हिशेब दाखवतो. तो सगळे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि शेवटी आपल्या मनाचेच करतो. दुसऱ्या दिवशी धाकटी नात त्याच्या गळ्यात हात टाकून एक लाडिक वाक्य बोलते आणि गड सर होतो! मग प्रश्न पडतो, की निर्णय नेमका करते कोण, डोके की काळीज? हा प्रश्न मनात आला की मला आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारचे विनोबा आठवतात. दुसऱ्याचे मन वळवण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्या देशात क्वचितच कुणी केला असेल. त्या प्रयोगाचे यश आणि अपयश, दोन्ही आपल्याला बरेच शिकवून जातात.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. वडील बडोद्याला नोकरीला, शिस्तीचे आणि विज्ञानाची आवड असलेले. आई रुक्मिणीबाई भक्तिभावाची. मुलाला दोघांचा वारसा मिळाला. गणित हा त्याचा जीव की प्राण, आणि संतांचे अभंग म्हणताना मात्र डोळ्यांना धारा. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे त्याने आधीच आईच्या चुलीत घातली होती. त्याच वर्षी तो गांधीजींना भेटला आणि त्यांचाच झाला. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजींनी १९२१ साली त्याला वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठवले. तेव्हापासून विनोबा वर्ध्याचे झाले. प्रकृती ढासळल्यावर १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले.

भावनेशी विनोबांचे नाते कसे होते, हे एका गोष्टीवरून कळते. आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि जुने मराठी अनुवाद अवघड वाटत होते. तूच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला सुचवले होते. १९१८ साली आई गेली. तिच्या इच्छेचे त्या मुलाने काय केले? रडून मोकळा झाला नाही, की स्मारक उभारले नाही. बारा वर्षे ती इच्छा मनात जपली, गीतेचा अभ्यास केला आणि १९३०-३१ मध्ये काही महिने बसून एकेका श्लोकाला सोपे मराठी रूप दिले. तीच ‘गीताई’. आज ती घरोघरी आहे. आईविषयीचा उमाळा कामाला जुंपला, म्हणून तो टिकला. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली त्यातच आहे.

मार्च १९५१ मध्ये विनोबा सर्वोदय संमेलनासाठी पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. तेलंगणात तेव्हा जमीनदार आणि भूमिहीन यांच्यात रक्त सांडत होते. संमेलनानंतर ते त्याच भागात फिरू लागले. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात हरिजनांची चाळीस कुटुंबे त्यांच्यापुढे आली. पोट भरण्यापुरती ऐंशी एकर जमीन मिळाली तर बरे होईल, असे त्यांचे म्हणणे. सरकारकडे शब्द टाकण्याचा विचार विनोबांच्या मनात होता. पण जमलेल्या गावकऱ्यांनाही त्यांनी सहज विचारले, की तुमच्यापैकी कुणाला काही करता येईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर जमीन देऊन टाकली. आपल्या दिवंगत वडिलांची तशी इच्छा होती, असे त्यांनी सांगितले.

मला यातली खुबी अशी दिसते. रेड्डींच्या मनात वडिलांची इच्छा आधीपासूनच होती. तिला बाहेर यायला निमित्त हवे होते. समोर गरजू माणसे बसलेली, त्यांचा आकडा ठरलेला, मागणी माफक आणि विचारणारा स्वतः कफल्लक. त्यात लाज काढणे नव्हते, धमकीही नव्हती. देणाऱ्याला लुटल्यासारखे वाटू नये, उलट मोठे झाल्यासारखे वाटावे, अशी ती वेळ होती.

हे विनोबांच्या लगेच लक्षात आले. मग त्यांच्यातला गणिती आणि भक्त एकत्र आले. कुटुंबात सरासरी पाच मुले धरा, मला सहावा मुलगा माना आणि माझा वाटा द्या, असे ते गावोगाव सांगू लागले. देशातल्या लागवडीच्या सुमारे तीस कोटी एकरांचा सहावा हिस्सा म्हणजे पाच कोटी एकर, हा झाला हिशेब. पण शेतकऱ्याच्या काळजाला भिडला तो ‘मुलगा’ हा शब्द. भीक मागणाऱ्याला चिमूटभर द्यायचे असते, मुलाला मात्र वाटणीच द्यावी लागते. नुसते नाते बदलले आणि दानाचे मापच बदलून गेले.

अलीकडचे मेंदूशास्त्रही याला दुजोराच देते. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांच्या मेंदूतील भावनेशी निगडित भागाला इजा झाली होती. त्यांची बुद्धी शाबूत होती, तर्क बिनचूक होता. पण रोजचे साधे निर्णय घेताना ते अडखळत, किंवा भलतेच निर्णय घेत. १९९४ साली त्यांचे पुस्तक आले आणि भावना ही विचाराची शत्रू आहे, हा जुना समज डळमळला. तर्क वाटा दाखवतो, पण पाऊल उचलायला काहीतरी आतून हलावे लागते.

तेलंगणात ५१ दिवसांत बारा हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली. पुढे विनोबा जवळजवळ तेरा वर्षे देशभर चालत राहिले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले. दानपत्रांवरचा एकूण आकडा बेचाळीस लाख एकरांच्या आसपास पोहोचला; त्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या बिहारचा. जगाने थक्क होऊन पाहिले. १९५८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. संध्याकाळच्या प्रार्थनासभेत, सगळ्या गावासमोर, संतासारखा माणूस हात पुढे करतो तेव्हा मन भरून येते आणि दानपत्रावर सही होते. पण विनोबा सकाळी पुढच्या गावाला जात आणि दाता आपल्या घरात उरे. तिथे खरी पाच मुले असत, कर्ज असे, भाऊबंदकी असे. मग काहींनी शब्द फिरवला, काहींच्या वारसांनी हरकत घेतली. पुष्कळ जमीन खडकाळ, पडीक किंवा कोर्टकज्जात अडकलेली निघाली. राज्यांनी कायदे केले. वर्धा तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होते, तिथेही १९५३ मध्ये भूदानाचा कायदा झाला. तरी मोजणी, फेरफार, ताबा, बैल आणि बियाणे हे सगळे सभेतल्या उमाळ्याइतक्या वेगाने थोडेच होणार होते? मिळालेल्या जमिनीचा फार मोठा भाग भूमिहीनापर्यंत पोहोचलाच नाही, आणि पाच कोटी एकरांचे स्वप्न तर दूरच राहिले.

‘गीताई’च्या वेळी बारा वर्षांची साधना उमाळ्याच्या पाठीशी होती. भूदानात उमाळा लाखोंचा होता, पण त्याच्यामागे चिकाटीने कागद पुरे करणारे हात अपुरे पडले. जिथे दोन्हींची सांगड होती, तिथे फळ वेगळे दिसले. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीसएक डाकूंनी विनोबांसमोर बंदुका ठेवल्या. हृदयपरिवर्तन झाले, पण खटले टळले नाहीत; ते कायद्याप्रमाणेच चालले. पश्चात्तापाला तिथे पुढची वाट आखून दिलेली होती.

इतरांची मने वळवणाऱ्या या माणसाने आपले मन मात्र कुणाला वळवू दिले नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. डॉक्टरांनी विनवले, जवळच्यांनी विनवले. ते शांतपणे नकार देत राहिले आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारला त्यांनी देह ठेवला. तो क्षणिक आवेग नव्हता. आयुष्यभर भावनेला शिस्त लावलेल्या माणसाचा तो निर्णय होता.

विनोबांच्या चरित्रातून मी घेतलेला धडा साधा आहे. कुणाचे मन वळवायचे असेल तर त्याच्या मनात आधीच असलेल्या चांगल्या इच्छेला हाक द्यावी. आणि आपले स्वतःचे मन भरून आले, तर देऊ केलेला शब्द घरी आल्यावर कागदावर लिहून ठेवावा, आणि तो पुरा करायला सकाळी उठून निघावे. गहिवर पहाटेपर्यंत ओसरतो. तोवर पटवाऱ्याकडे जायची तयारी झाली असेल, तर मात्र समोरच्याच्या वाट्याला खरोखरच जमीन येते.