विश्लेषण : मधमाशी पत्ता कसा सांगते? नाझी राजवटीत हे कोडे सोडवणारे कार्ल फॉन फ्रिश कोण होते?

एका मधमाशीला मकरंद सापडतो आणि थोड्याच वेळात तिच्या पोळ्यातल्या इतर माश्या नेमक्या त्याच जागी हजर होतात. त्यांना पत्ता कोण देते? ऑस्ट्रियात जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश (१८८६-१९८२) यांनी हे शोधण्यात हयात घालवली. मधमाश्यांना रंग दिसतात, हे त्यांनी १९१४ मध्येच एका नामवंत नेत्रतज्ज्ञाशी वाद घालत दाखवून दिले होते.

नोकरी कशी वाचली?

फ्रिश म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक होते. आईकडची आजी मूळची ज्यू, एवढ्या कारणावरून १९४१ मध्ये नाझी सरकारने त्यांना सक्तीने निवृत्त करण्याचे ठरवले. पण त्याच सुमारास नोसेमा या आतड्याच्या रोगाने जर्मनीत पोळीच्या पोळी रिकामी होत होती. ऐन युद्धात परागीभवन घटणे, म्हणजे फळे आणि बियाणे घटणे, सरकारला परवडणारे नव्हते. रोगावर काम करायला फ्रिश हवे होते, त्यामुळे निवृत्ती लांबणीवर पडली. माश्यांच्या आजाराने माश्यांचा अभ्यासक वाचला!

नाच काय सांगतो?

गोल नाच मकरंदासाठी आणि पोट हलवत केलेला नाच परागकणांसाठी, असे फ्रिश यांनी १९२० च्या दशकात मांडले होते. १९४४ मध्ये त्यांनी साखरपाण्याची वाटी पोळ्यापासून बरीच दूर नेली. तेव्हा साखरपाणी घेऊन परतलेल्या माश्याही पोट हलवत नाचू लागल्या. म्हणजे फरक अन्नाचा नव्हता, अंतराचा होता. फ्रिश यांनी आपला जुना निष्कर्ष स्वतःच मोडीत काढला.

पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर माशी सरळ वर नाचत गेली, तर अन्न सूर्याच्या दिशेला. उभ्या रेषेच्या उजवीकडे ४० अंश, तर सूर्याच्या उजवीकडे ४० अंश. पोट हलवत सरळ जाण्याला सेकंदभर लागला, तर अंतर ढोबळमानाने एक किलोमीटर. आणि हे सगळे पोळ्याच्या अंधारात!

फ्रिश यांचे विद्यार्थी मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ मध्ये झाडाला लटकलेल्या थव्यावर काजळीने, विटांच्या धुळीने माखलेल्या माश्या नाचताना दिसल्या. त्या अन्नाचा नव्हे, नव्या घराचा पत्ता सांगत होत्या. चांगल्या जागेसाठीचा नाच जोमाने आणि जास्त वेळ चालतो, तिचे समर्थक वाढतात, इतर नाच विरत जातात आणि मग थवा उडतो. निर्णयात राणीमाशीचा वाटा नसतो.

फ्रिश यांना १९७३ मध्ये कोनराड लॉरेंझ आणि निको टिनबर्गेन यांच्यासह नोबेल मिळाले. तरीही माश्या नाचावरून नव्हे, फक्त वासावरून अन्न शोधतात, असा आक्षेप काही संशोधक घेत राहिले. अखेर २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी माश्यांच्या पाठीवर चिमुकली उपकरणे बसवून रडारने त्यांचा माग काढला. नाच पाहून निघालेल्या माश्या नाचात सांगितलेल्या दिशेनेच उडाल्या होत्या.