कै. प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर

नारळीकर हे नाव उच्चारताच मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर. त्यांच्या विज्ञानकथा आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी मुलेही आवडीने वाचतात. दि. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्याही आधी ह्याच घराण्यातील एका पुरुषाने गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासाला आपले सारे आयुष्य वाहिले होते आणि काशीसारख्या दूरच्या क्षेत्री त्या विद्येचे एक पीठ उभे केले होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ते पुरुष म्हणजे जयंतरावांचे वडील, प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर. पुत्राच्या कीर्तीने पित्याचे नाव झाकले जाणे हे कोणत्याही पित्यास सुखाचेच वाटेल. तथापि आम्हां वाचकांनी त्यावर समाधान मानून चालणार नाही. म्हणून ह्या अंकात आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

विष्णुपंतांचा जन्म दि. २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिक्षण घेऊन १९२८ साली ते बी.एस्सी. झाले आणि पुढील अभ्यासाकरिता इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेले. महाराष्ट्राला केंब्रिजची वाट रघुनाथराव परांजपे ह्यांनी १८९९ साली सीनिअर रँग्लर होऊन उजळून दिली होती. विष्णुपंत १९३० साली तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत विशेष प्रावीण्यासह रँग्लर झाले. खगोलशास्त्रातील नैपुण्याबद्दल दिले जाणारे टायसन पदकही त्यांना लाभले. पुढे तीस वर्षांनी, १९६० साली, तेच पदक त्यांच्या पुत्राने मिळविले. अशी जोडी क्वचितच पाहावयास मिळते.

त्या काळी केंब्रिजमध्ये सर आर्थर एडिंग्टन ह्यांचा मोठा दबदबा होता. आइनस्टाइनने १९१५ साली व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. न्यूटनच्या मते सूर्य पृथ्वीला ओढतो. आइनस्टाइनच्या मते सूर्यासारख्या जड वस्तूच्या सान्निध्यात अवकाश आणि काल हेच वक्र होतात आणि पृथ्वी त्या वक्रतेला अनुसरून चालते. तसे असेल तर सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाशही वाकला पाहिजे. १९१९ सालच्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन ह्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर जाऊन ताऱ्यांची छायाचित्रे घेतली आणि प्रकाश खरोखरच वाकतो असे जगास दाखविले. अशा आचार्यांच्या सहवासात विष्णुपंतांच्या संशोधनाचा आरंभ झाला. रॅले पारितोषिक मिळाले, आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्तीही मिळाली. विलायतेत राहून संशोधन करण्याचे मार्ग त्यांना मोकळे होते.

ह्याच सुमारास पंडित मदनमोहन मालवीय हे गोलमेज परिषदेच्या निमित्ताने इंग्लंडला आले होते. १९१६ साली स्थापिलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयासाठी ते उत्तमोत्तम अध्यापकांच्या शोधात असत. ह्या तरुण रँग्लरास त्यांनी आपल्या विश्वविद्यालयात येण्याचे आमंत्रण दिले. एका बाजूस एडिंग्टनसारख्यांचा सहवास, समृद्ध ग्रंथालये आणि रोजच्या चर्चा. दुसऱ्या बाजूस अजून घडत असलेले एक विद्यालय, जेथे सापेक्षतेचा विचार करणारा दुसरा माणूस भेटेलच अशी खात्री नव्हती. विष्णुपंतांनी दुसरी बाजू निवडली. १९३२ साली, वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच, ते काशीस गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि पुढील अठ्ठावीस वर्षे तेथेच राहिले.

येथे कोणी विचारील की, गणित विभागातील माणसाचे चरित्र भौतिकशास्त्राच्या नावे कसे सांगता? त्याचे उत्तर असे की, सैद्धांतिक भौतिकशास्त्र त्या काळी बहुधा गणित विभागाच्याच छत्राखाली नांदत असे. केंब्रिजची परंपराच तशी होती. गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासास महागडी यंत्रे लागत नव्हती. कागद, लेखणी, फळा, खडू आणि अखंड चिंतन एवढी सामग्री पुरेशी होती. गरीब देशातील विश्वविद्यालयास परवडेल अशी ही विद्या होती.

मात्र तिला एक अडचण होती आणि ती पैशाची नव्हती. १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत जगातील बहुतेक बुद्धिमान तरुण अणू आणि पुंजयामिकी ह्यांच्याकडे वळले होते. व्यापक सापेक्षता सुंदर खरी, परंतु तिची प्रचीती देणारे प्रयोग थोडे. म्हणून अनेक शास्त्रज्ञ तिला कोपऱ्यात पडलेला विषय समजत. आपल्या देशात कलकत्त्यास प्रा. निखिलरंजन सेन आणि काशीस प्रा. नारळीकर अशा मोजक्याच ठिकाणी तिची जोपासना चालू होती. ज्या विषयात टाळ्या नाहीत, तो विषय वर्षामागून वर्षे शिकवीत राहणे आणि त्यातच नवे शोधीत राहणे हे धैर्याचे काम आहे, असे आम्हांस वाटते. रणांगणावरील शौर्य सर्वांस दिसते. फळ्यापुढील हे शौर्य दिसत नाही.

त्यांच्या अध्यापनाचे मोल एका उदाहरणावरून कळून येईल. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे जुनागड संस्थानात जन्मलेले गुजराती तरुण होते. गणिताचे शिक्षण मुंबईस झालेले. शिक्षकाचे कामही त्यांनी केले होते. सापेक्षतेवर संशोधन करावे ही एकच ओढ मनात धरून १९४२ साली ते नोकरीचा आधार नसताना, पत्नी आणि तान्ही मुलगी ह्यांना घेऊन काशीस प्रा. नारळीकरांकडे आले. गाठीस असलेली शिल्लक पुरेल तेवढे दिवस राहावयाचे, असा बेत होता. ती सुमारे दहा महिने पुरली.

ह्या दहा महिन्यांत काय घडले? ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड ह्यांनी १९१६ सालीच सोडविले होते; परंतु त्यांनी ताऱ्याबाहेरील अवकाश अगदी रिकामे धरले होते. खरा तारा तर सतत तळपत असतो. आपला सूर्यच घ्या; प्रकाश आणि उष्णता ह्यांच्या रूपाने त्याचे वस्तुमान दर सेकंदास सुमारे ४० लाख टनांनी घटते. म्हणजे ताऱ्याबाहेरचे अवकाश रिकामे नसून वाहत्या ऊर्जेने भरलेले आहे आणि ताऱ्याचे वस्तुमानही स्थिर नाही. अशा तळपत्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण कसे मांडावे, ह्या प्रश्नात गुरूंच्या मार्गदर्शनाखाली वैद्यांनी स्वतःस गाडून घेतले आणि उत्तर शोधून काढले. १९४३ साली ते प्रसिद्ध झाले. आज ते जगभर वैद्य ह्यांच्या नावाने ओळखले जाते आणि कृष्णविवरांच्या अभ्यासातही वापरले जाते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. त्या शोधास नाव मिळाले ते शिष्याचे. गुरूने विषयाची दिशा दाखविली, चुका तपासल्या, धीर दिला. आणि यश शिष्याच्या पदरी घालून ते पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. के. आर. करमरकर हे त्यांचे असेच एक सहकारी. गुरूसह त्यांनी वक्रतेच्या अदिश राशींविषयी, म्हणजे कोणत्याही बाजूने मोजले तरी न बदलणाऱ्या राशींविषयी, महत्त्वाचे काम केले. १९४८ साली करमरकरांनी मांडलेली एक अट ताऱ्यांची गणिती प्रतिरूपे रचणाऱ्यांना आजही उपयोगी पडते. संशोधन आणि अध्यापन ही दोन निराळी कामे आहेत आणि एकामुळे दुसऱ्याचे नुकसान होते, असा समज पुष्कळांचा असतो. काशीतील ह्या अठ्ठावीस वर्षांनी तो खोटा ठरविला आहे.

काशीतील त्यांचे घर मराठीच होते. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. दाराबाहेर हिंदी, विश्वविद्यालयात इंग्रजी, घरात मराठी आणि संस्कृत असा भाषांचा संगम तेथे होता. जयंत आणि अनंत हे दोघे पुत्र ह्याच वातावरणात वाढले आणि दोघेही पुढे नामांकित शास्त्रज्ञ झाले. मुलांसाठी घरात फळा होता. विश्वविद्यालयात शिकण्यासाठी येऊन राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर जयंतासाठी गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. मराठी मुलखाबाहेर राहिल्याने ना मराठी उणी झाली, ना हिंदीशी दुरावा आला. ज्यांच्या घरी मराठी, शेजारी तेलुगू आणि बाजारात हिंदी अशी आमची स्थिती आहे, त्या आदिलाबादकरांना हे चित्र परके वाटू नये. अनेक भाषा कानी पडणे हे ओझे नसून ती शिदोरी आहे.

१९६० साली प्रा. नारळीकरांनी काशी सोडली आणि राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. पुढे ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले व १९७३ पर्यंत पुन्हा अध्यापनात रमले. मधल्या काळात जगाचे वारे फिरले होते. १९६३ च्या सुमारास क्वेसार नावाच्या अतितेजस्वी ज्योतींचा शोध लागला आणि कोपऱ्यात पडलेली सापेक्षता एकाएकी सर्वांना हवीशी झाली. १९६९ साली गुरुत्वाकर्षणाच्या भारतीय अभ्यासकांनी आपली संघटना स्थापिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद प्रा. नारळीकरांकडे गेले. दि. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतरची एक घटना सांगून हे चरित्र पुरे करू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. व्यापक सापेक्षतेची ही फार मोठी प्रचीती होती. तशीच वेधशाळा भारतात, मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा वरच्या अंगास हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवरूनच वाहत येते. ज्या विद्येसाठी विष्णुपंतांना केंब्रिज गाठावे लागले आणि वैद्यांना काशी, ती विद्या आता आमच्याच नदीच्या काठाकाठाने जाऊन गाठता येईल एवढ्या अंतरावर येत आहे.

तेथे काम करणारे हात कोणाचे असतील? आमच्या शाळेतील एखादा विद्यार्थी वा विद्यार्थिनी तेथे का नसावी? त्यासाठी श्रीमंती लागत नाही. एक प्रश्न मनात धरून तो सुटेपर्यंत फळ्यावरून पुसू न देण्याची चिकाटी लागते, आणि आपल्याला जे कळले ते मागून येणाऱ्यास सांगण्याची उदारता लागते. प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर ह्यांच्या ठायी हे दोन्ही गुण होते. त्यांच्या स्मृतीस आमचे वंदन असो.