रतनपूरचे बिंबाजी भोसले

भिलाईत मराठी माणूस पोलादाच्या कारखान्याबरोबर आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बोरसी-दुर्ग परिसरातील घरांपुरती ती खरीही असेल. परंतु या मुलखात मराठीचा वावर त्याहून दोनशे वर्षे जुना आहे. तो स्थिरावला बिंबाजी भोसले यांच्यामुळे.

नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम यांनी १७४१ मध्ये रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमवले. पुढे रघूजींनी त्याच घराण्यातील मोहनसिंहाला गादीवर बसवले. १७५५ मध्ये रघूजी निवर्तले आणि चार पुत्रांत वारशाचा प्रश्न उभा राहिला. जानोजी वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे. मुधोजी थोरल्या राणीचे. अखेर सेनासाहेब सुभा हे पद जानोजींकडे राहिले, मुधोजींना चांदा, साबाजींना दारव्हा आणि सर्वांत धाकट्या बिंबाजींना छत्तीसगड मिळाले. वाटणीत हा भाग सर्वांत दूरचा, अरण्यमय आणि जमीनदारांच्या मर्जीवर चालणारा होता. धाकट्याच्या पदरी असेच पडावे, यात नवल नाही.

बिंबाजींनी मात्र ती वाटणी मनापासून स्वीकारली. १७५८ मध्ये मोहनसिंहाच्या मृत्यूनंतर ते रतनपुरास आले आणि तेथेच राहिले. नागपूरचे वर्चस्व त्यांना मान्य होते. तरी दरबार, सैन्य व कारभार त्यांचा स्वतःचा होता. रतनपूर आणि रायपूर ही दोन जुनी राज्ये त्यांच्या अमलात प्रथमच एका हाताखाली आली. रायपूर शाखेच्या अमरसिंहाला पूर्वी रायपूर, राजीम व पाटण हे परगणे निर्वाहासाठी दिले होते, तेही त्याच्या मुलाकडून गेले. त्यास काही गावांवर समाधान मानावे लागले. एका घराण्याचा वारसा उभा राहताना दुसऱ्याचा असा मोडला. दुर्गजवळचे पाटण आजही त्या नावाने नांदते आहे.

रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. ती टेकडी रामटेकरी म्हणून ओळखली जाते. नागपूरकरांना रामटेकची आठवण होणे साहजिकच. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची प्रथा येथे त्यांच्याच काळात रुजल्याचे सांगतात. दफ्तरात मोडी लिपी आणि मराठी भाषा आली.

१७८७ मध्ये बिंबाजी निपुत्रिक वारले. पत्नी आनंदीबाई रतनपुरात राहून राज्य सांभाळू इच्छित होत्या. परंतु वारसा मुधोजींचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे गेला. आनंदीबाईंचा मान राखून तडजोड झाली, पण व्यंकोजींनी नागपूर सोडले नाही. त्यांनी सुभेदार नेमून कारभार चालवला. महिपतराव दिनकर हे त्यांतील पहिले, विठ्ठलराव दिनकर दुसरे. परगण्यांची व्यवस्था विठ्ठलरावांनी लावली. धनी दूर असला की वसुलीचीच चिंता उरते, हे रयतेला लवकरच कळले. रतनपुरात राहून राज्य करणारा भोसला पुन्हा झाला नाही.

व्यंकोजी १८११ मध्ये काशीस वारले. १८१८ मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि थोड्याच अवधीत मुख्य ठाणे रायपुरास नेले. १८५४ मध्ये औरस वारस नसल्याचे कारण पुढे करून नागपूरचे राज्यच खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगडही गेले.