वाल्डेमार हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आमच्या धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या कानी लशीच्या निमित्ताने आलेले असते. परंतु ज्या पुरुषाचे ते नाव, त्याचे चरित्र थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून ते आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. पुढे पॅरिस येथील पाश्चर संस्थेत ते ग्रंथालयाच्या कामावर राहिले व तेथेच त्यांनी पटकीची लस सिद्ध केली. १८९६ साली मुंबईत प्लेगचा कहर झाला, तेव्हा सरकारने त्यांस तेथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी कार्यास आरंभ केला.

लस करावयाची तर प्लेगचे जंतू इतर जंतूंपासून अलग करून निर्भेळ वाढविणे अवश्य होते. हाफकिन यांनी मांसरसात तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांखाली प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांप्रमाणे लोंबत वाढत, व या खुणेवरून ते ओळखता येत. मग उष्णतेने त्यांस मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः गावात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हाफकिन यांचा पक्ष घेतला. १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परतले, परंतु कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांस पुन्हा लाभली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

आज बोटाएवढ्या काचपट्टीवर केसासारखे बारीक मार्ग कोरून त्यांत विद्युत्क्षेत्र निर्माण करतात. जिवंत व मृत जंतूंच्या आवरणांवर विजेचा परिणाम भिन्न होतो, म्हणून ते निरनिराळ्या दिशांस सरून वेगळे होतात. हे साधन हाफकिन यांजपाशी नव्हते. तथापि साधन कितीही सूक्ष्म झाले, तरी खाली पडलेला चिमटा पुन्हा तापवून घेणे, आणि पुरता तपास झाल्यावाचून कोणासही दोषी न ठरविणे, ही दोन्ही कामे मनुष्याच्याच हाती राहतात. आमच्या विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.