एडिसनचा कान

मी गडचांदूरचा. सिमेंटच्या गावचा माणूस, त्यामुळे आवाजाची सवय जन्मापासूनची. ऐकू मात्र लहानपणापासून कमी येतं. बारावीनंतर घरच्यांनी पैसे जमवून कानाचं मशीन घेऊन दिलं आणि हॉस्टेलला आल्याबरोबर मी ते खिशात टाकलं. चष्म्याला कोणी हसत नाही, मशीन दिसलं की माणूस म्हातारा ठरतो! मग वर्गात सरांनी विचारलं एक, मी सांगितलं भलतंच. सगळे हसले. त्या आठवड्यात लायब्ररीत थॉमस अल्वा एडिसन हाती लागला.

जन्म १८४७, अमेरिकेतल्या ओहायोचा. पोरवयातच त्याचे कान गेले. कशानं, ते त्यानं स्वतःच वेगवेगळं सांगितलंय. कधी रेल्वेतल्या माणसानं कान धरून वर ओढलं म्हणून, कधी आणखी काही. पण कमी ऐकू येतं हे त्यानं लपवलं नाही. तारयंत्रावर बसला तेव्हा शेजारच्या यंत्रांचा गोंगाट त्याला त्रास देत नसे, स्वतःच्या यंत्राची टकटक तेवढी कळे. बेलच्या टेलिफोनमधला आवाज फार बारीक होता. एडिसननं १८७७ मध्ये कार्बनचा ट्रान्समीटर केला नि तो आवाज मोठा झाला. फोनोग्राफही त्याच वर्षीचा. संगीत ऐकायचं तर हा गडी पेटीच्या लाकडात दात रोवायचा. कंपनं जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानात! दुसरी बायको मिना, तिला मोर्स कोड शिकवला आणि लग्नाची मागणीही हातावर टिचक्या मारूनच घातली. १८८६ ला लग्न झालं. (पहिल्या दोन पोरांची लाडकी नावं डॉट आणि डॅश!)

बहिरेपणामुळे चित्त एकाग्र राहतं, असं तो सांगायचा. मला हे पूर्ण पटत नाही. कारण बाराव्या वर्षानंतर पाखराचा आवाज ऐकला नाही, हेही त्यानंच लिहून ठेवलंय.

अजून एक गंमत. कार्बन ट्रान्समीटरच वापरून मिलर रीझ हचिसननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विजेवर चालणारं श्रवणयंत्र केलं. हाच हचिसन पुढे एडिसनकडे चीफ इंजिनिअर झाला. म्हणजे माझ्या खिशात पडून असलेल्या वस्तूचं खानदान एकदम इंजिनिअरचं निघालं!

पुढच्या व्हायव्हाला मशीन लावून गेलो. सरांना आधीच सांगितलं, मला कमी ऐकू येतं, जरा समोर बघून विचारा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. रात्री रूममेटनं एवढंच विचारलं, काय बे, यात गाणे वाजतात का?

वाजतात.