रुक्मिणीदेवींचा कायदा आणि शस्त्रक्रियेचे टेबल

भरतनाट्यम आणि चेन्नईचे ‘कलाक्षेत्र’ यांमुळे रुक्मिणीदेवी अरुंडेल हे नाव बहुतेकांच्या ओळखीचे आहे. पण कुत्रा चावला म्हणून सरकारी रुग्णालयात लशीच्या रांगेत बसलेल्या माणसाचाही त्यांच्या आयुष्याशी संबंध आहे. भटक्या कुत्र्यांना मारावे की त्यांचे निर्बीजीकरण करावे, पाळीव कुत्र्याच्या मालकावर सक्ती करावी की त्याला स्वस्तात सोय करून द्यावी, हे आजचे वाद ज्या कायद्याच्या आधाराने चालतात, त्याची सुरुवात या नृत्यांगनेने राज्यसभेत केली.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईत झाला. वडील नीलकंठ शास्त्री बांधकाम खात्यात अभियंता आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे अनुयायी होते. निवृत्तीनंतर कुटुंब मद्रासला, सोसायटीचे केंद्र असलेल्या अड्यारला आले. शाकाहार आणि मुक्या प्राण्यांविषयीची कणव रुक्मिणीदेवींमध्ये रुजली ती अशा वातावरणात. १९२० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशी लग्न केले. सनातनी मद्रासमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला.

रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पाव्हलोवा यांच्या सहवासात त्या नृत्याकडे आणि पुढे देवदासी कुटुंबांनी जपलेल्या ‘सदिर’कडे वळल्या. हे नृत्य उच्चवर्णीय घरातल्या मुलीने शिकणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. त्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या, १९३५ मध्ये लोकांसमोर नाचल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी पुढे ‘कलाक्षेत्र’ म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था सुरू केली. नृत्याकडे पाहण्याची लोकांची नजर केवळ उपदेशाने बदलली नसती. त्यासाठी गुरू लागले, जागा लागली, रोजचा सराव लागला. हा अनुभव गाठीशी घेऊनच त्या राजकारणात आल्या.

१९५२ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध तेव्हा १८९० चा इंग्रजांचा कायदा होता आणि तो अपुरा पडत होता. रुक्मिणीदेवींनी नवे खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः या विषयात लक्ष घालेल, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. समिती नेमली गेली आणि १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा संमत झाला.

या कायद्याला दोन बाजू आहेत. कलम ११ शिक्षेचे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये एवढाच आहे. कलम ९ सेवेचे. प्राण्यांना पाणी, निवारा आणि पशुवैद्यकीय मदत मिळावी यासाठी झटण्याचे काम त्याने पशुकल्याण मंडळाला दिले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या रुक्मिणीदेवी पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि अखेरपर्यंत राहिल्या. त्याच कायद्यात भटकी कुत्री मारण्याला मात्र सूट होती, कारण नगरपालिकांना त्या वेळी दुसरा मार्ग माहीत नव्हता.

तो मार्ग त्यांच्याच शहरात आकाराला आला. मद्रासमध्ये १९५९ साली ‘ब्लू क्रॉस’ ही संस्था सुरू झाली आणि साठच्या दशकात तिने कुत्र्यांच्या शस्त्रक्रिया हाती घेतल्या. पालिका कुत्री मारत होती, तरी त्यांची संख्या हटत नव्हती. अन्न आणि मोकळी जागा उरली की तिथे दुसरी कुत्री येतात, आणि कुत्री साधारण ६३ दिवसांत विते. नव्वदच्या दशकात पालिकेने शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारला. २००१ मध्ये रुक्मिणीदेवींच्याच कायद्याखाली देशभरासाठी निर्बीजीकरणाचे नियम आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

२००१ च्या नियमांत पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी ठरवली गेली. हे योग्यच होते. पण कुत्रीची शस्त्रक्रिया म्हणजे भूल देऊन पोट उघडणे, अंडाशय व गर्भाशय काढणे आणि पुढचे काही दिवस जखम सांभाळणे. खासगी दवाखान्यात याला काही हजार रुपये लागतात. रोजंदारीवरच्या कुटुंबाला ते कुठून परवडणार? अशा घरावर दंडाची सक्ती केली, तर कुत्री एखाद्या रात्री दूरच्या रस्त्यावर सोडली जाण्याचीच भीती जास्त. तिची लस न टोचलेली पिल्ले मग गल्लीत वाढतात.

सक्तीने काय होते, हे आरोग्य खात्यात काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आणीबाणीतल्या नसबंदी मोहिमेने माणसांच्या मनात जी धास्ती बसवली, ती पुढे कुटुंबनियोजनाच्या कामाला अनेक वर्षे नडली. त्या मोहिमेचा रागही १९७७ च्या निवडणुकीत मतपेटीतून बाहेर पडला. नवे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी रुक्मिणीदेवींना राष्ट्रपतिपदासाठी विचारले. त्यांनी नकार दिला आणि आपल्या संस्थेच्या व प्राण्यांच्या कामात त्या राहिल्या. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कायद्याशिवाय आजचे नियम आलेच नसते, म्हणून कायदा हवाच. पण रेबीज एकदा उलटला की जवळजवळ नेहमीच जीव घेतो, आणि त्याला अडवायचे तर लस व शस्त्रक्रिया गरिबाच्या दारापर्यंत जायला हव्यात. एखाद्या महापालिकेला पाळीव कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची सक्ती करायची असेल, तर तिने आधी आपल्याकडे किती पशुवैद्यक आणि शस्त्रक्रियेची किती टेबले आहेत ते मोजावे, वस्त्यांमध्ये मोफत किंवा अल्प दरात शिबिरे भरवावीत. एवढी सोय असूनही कोणी टाळाटाळ केली, तर दंडाची पावती जरूर फाडावी.

तोवर वाचकांनी एवढे करावे: घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यावी. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद-मिरची लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.