सरफोजी राजांचे डोळ्यांचे केसपेपर

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्या गादीवर पुढे आलेले दुसरे सरफोजी राजे यांचा जन्म १७७७चा. निपुत्रिक तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. पण १७८७मध्ये तुळजाराजे वारले आणि गादी अमरसिंहांनी घेतली. लहानग्या सरफोजींना श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने आधार दिला, मद्रासला शिकवले. १७९८मध्ये त्यांना गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी इंग्रजांशी तह झाला आणि राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला किल्ला आणि लगतचा परिसर.

सत्ता गेली तरी राजे रिकामे बसले नाहीत. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ जमवले, छापखाना काढला आणि वैद्यकासाठी धन्वंतरी महाल उभारला. तिथे देशी वैद्यकाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकालाही जागा होती. डोळ्यांच्या रुग्णांचे तिथले केसपेपर आजही तंजावरला जपलेले आहेत. त्यांतील बहुतेक मोतीबिंदूचे आहेत. रुग्णाची तक्रार, शस्त्रक्रियेआधीची स्थिती, नंतरची प्रगती हे सारे त्यांत नोंदलेले आहे आणि सोबत आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. १८३२मध्ये राजे वारले.

तेव्हाच्या शस्त्रक्रियेचा विचार केला तर या नोंदींचे मोल कळते. डोळा बधिर करणारे औषध १८८४मध्ये आले. जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धतही १८६०नंतरची. हात कितीही कुशल असला तरी नंतर डोळा लाल होऊन सुजला की मिळालेली नजर जाण्याची भीती असे. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर डोळ्यावर लक्ष ठेवणे हाच मोठा आधार होता.

डोळ्याचा दाह हा शत्रू आजही तोच आहे, फक्त त्याची ओळख आता पटली आहे. डोळ्याला धक्का लागला की आत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांनी दाह वाढतो आणि बाहुली आकसते. फेम्टोसेकंद लेसरने मोतीबिंदूचे आवरण कापून भिंग फोडले जाते, त्या वेळी ही द्रव्ये वाढतात. मग भिंग बाहेर काढायच्या वेळी बाहुली लहान झालेली असते आणि सर्जनला नीट दिसत नाही. किटोरोलॅक, नेपाफेनॅक यांसारखे दाहशामक ड्रॉप आधीच टाकले, तर ही द्रव्ये कमी तयार होतात आणि बाहुली मोठी राहायला मदत होते.

आपल्याकडे बिनटाक्याच्या फेको शस्त्रक्रियेलाही लोक लेसरच म्हणतात. खरे तर फेकोत ध्वनिलहरींनी भिंग फोडतात. तिथेही हे ड्रॉप उपयोगी पडतात. शस्त्रक्रियेनंतर दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूज त्यांनी कमी होते. मधुमेहींना या सुजेचा धोका जास्त असतो.

घाटनांदूर परिसरातून अंबाजोगाईला किंवा लातूरला शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यांनी म्हणूनच ड्रॉपची बाटली पिशवीत तशीच ठेवू नये. शेतातले काम, लग्नसराई यांत वेळ चुकते आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी सगळे थेंब एकदम टाकले जातात. त्याने भरपाई होत नाही. किती दिवस आधी आणि दिवसातून किती वेळा, हे तुमचे डॉक्टर ठरवतात. दोन ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका. वेदनाशामक गोळीने दमा उसळत असेल किंवा बुबुळावर जखम असेल तर आधीच सांगा. शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरू नका.

थेंब टाकला की वेळ कागदावर लिहा आणि तो कागद शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. आजीला वाचता येत नसेल तर नातवाने लिहावे. तंजावरच्या राजाने दोनशे वर्षांपूर्वी ज्या नोंदींना किंमत दिली, त्या घरच्या वहीच्या एका पानावर सहज मावतात.